जोड दिलेल्या तारा

हैदराबादच्या चौमहल्ला महालात एक पिवळी रोल्स रॉइस ठेवलेली आहे. सहावे निजाम महबूब अली पाशा यांनी तिची मागणी नोंदवली आणि १९११ साली ते वारले. गाडी वापरायला मिळाली ती सातव्या निजामाला, मीर उस्मान अली खान यांना. मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली ही ‘थ्रोन कार’ समारंभापुरतीच बाहेर पडायची, त्यामुळे आजवर ती फारच थोडी चालली आहे. बघायला येणाऱ्यांची नजर तिच्या बैठकीवर आणि रंगावर खिळते. पण गाड्यांची वायरिंग करणारा एखादा कारागीर तिच्यासमोर उभा राहिला, तर त्याचं लक्ष दुसरीकडेच जाईल. त्या पिढीच्या सिल्व्हर घोस्टमध्ये तारा आजच्या मानाने अगदी मोजक्या असत. इंजिन हँडल मारून सुरू करायचं, ठिणगी मॅग्नेटोने द्यायची. बटण दाबलं की इंजिन फिरवणारा इलेक्ट्रिक सेल्फ या मॉडेलला १९१९ सालापासून मिळाला.

आजच्या घरगुती गाडीत एक किलोमीटरहून जास्त तार असू शकते. ती कंपनीने बसवलेली असते, मोजून-मापून. त्यानंतर गाडी विकली जाते, पुन्हा विकली जाते, आणि प्रत्येक मालक तिच्यात स्वतःच्या गरजेची थोडी तार वाढवतो. आरसीवर मालकांची नावं बदलत जातात. त्यांनी काय काय जोडलं हे कुठल्याच कागदावर येत नाही, ते डॅशबोर्डखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं राहतं. जुनी गाडी चालता चालता पेटते तेव्हा पेपरात ‘शॉर्ट सर्किट’ एवढे दोनच शब्द छापून येतात. त्या दोन शब्दांमागे बऱ्याचदा दहा-वीस वर्षांचा इतिहास असतो. हैदराबाद शहरात तो चांगला उलगडून पाहता येतो.

मोटारीत विजेचा खरा शिरकाव झाला १९१२ साली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत बसला. त्याआधी पुढच्या दिव्यांसाठी कार्बाइडवर पाणी टिपकवून तयार होणारा ॲसिटिलीन वायू जाळत, म्हणजे आग गाडीच्या नाकावरच घेऊन फिरत. सेल्फ आला आणि त्याच्यासोबत मोठी बॅटरी, ती भरणारा डायनॅमो आणि बोटाएवढी जाड केबल आली. आणखी एक सोय आली, जिने पुढच्या शंभर वर्षांचा धोका ठरवला. प्रत्येक दिव्याला दोन तारा नेण्याऐवजी एकच न्यायची आणि परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून द्यायचा. गॅरेजच्या भाषेत ‘बॉडी अर्थ’. त्यामुळे तांबं निम्म्यावर आलं. पण तेव्हापासून गाडीचा पत्रा हाच विजेचा एक ध्रुव आहे. कुठलीही गरम तार कुठेही घासून उघडी पडली, पत्र्याला टेकली, की शॉर्ट.

‘बारा व्होल्ट तर आहेत, त्याने काय होतंय?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरं. पण छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवताना शंभराहून जास्त अँपिअर देते. पाना चुकून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते आणि पाना तिथेच चिकटू शकतो. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरीला हात घालण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवतो, ते यासाठी.

हैदराबादेत मोटारीची निगा राखण्याची शिस्त मोठ्या प्रमाणावर आली ती बसमुळे. १५ जून १९३२ रोजी निजामाच्या राज्य रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. त्या वेळच्या अल्बियन बसपैकी एक अजून जपून ठेवलेली आहे. मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याची बससेवा वेगळी झाली आणि १९६१ साली महाराष्ट्राच्या एसटीत मिसळली. बसला डेपो असतो, खाली उतरून बघायला खड्डा असतो, गाडीच्या नावाने नोंदी असतात, ठरल्या दिवशी तपासणी असते. घरच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. तिच्या नशिबी रस्त्याकडेचा मिस्त्री आला.

हा मिस्त्री आपल्या परीने विद्वान होता. त्याचा काळ म्हणजे ॲम्बॅसेडर आणि फियाटचा काळ. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघाली आणि तीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर, ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, २०१४ पर्यंत बनत राहिली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, म्हणून जुनी गाडी टाकून देणं कुणाला परवडत नसे. एकच गाडी डॉक्टरांकडून वकिलाकडे, वकिलाकडून दुकानदाराकडे आणि तिथून टॅक्सीवाल्याकडे जायची. काचिगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांनी अशाच हात बदललेल्या फियाटमधून सोलापूर आणि नांदेडच्या लग्नांना हजेरी लावली.

त्या गाडीची वायरिंग डोक्यात मावत असे. डायनॅमो, कटआउट, कॉइल, हॉर्न, वायपर, दिवे. मिस्त्रीकडे एक टेस्ट लॅम्प असायचा. दोन तारांना जोडलेला साधा बल्ब, एक टोक बॉडीला आणि दुसरं संशयित तारेला. बल्ब कुठपर्यंत पेटतो आणि कुठे विझतो यावरून तो दोष शोधायचा. पद्मिनीचे फ्यूज बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, पांढऱ्या अंगावर धातूची पातळ पट्टी असलेले. चिमट्यात बसवायचे. ही पट्टी जळली की समजायचं, पुढे कुठेतरी तार उघडी पडली आहे. पण सोलापूर रस्त्यावर रात्री अकरा वाजता दिवे गेले, तर दोष शोधायला वेळ कुणाला? सिगरेटच्या पाकिटातली चांदी फाडून फ्यूजभोवती गुंडाळायची आणि पुढे निघायचं. दिवे लागायचे, घरचे सुखरूप पोहोचायचे, आणि चांदी तिथेच राहायची. सहा महिन्यांनी गाडी विकली जायची तेव्हाही ती तिथेच असायची.

इथे थोडं थांबून त्या चांदीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. तार तापून तिचं आवरण वितळण्याआधी त्याने स्वतः जळून जावं एवढंच त्याचं काम. आजच्या गाड्यांत दोन पातींचे रंगीत फ्यूज असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी हिरवा खोचला, की दहा अँपिअरसाठी बेतलेल्या तारेतून तीस जाऊ लागतात. मग वितळायची पाळी तारेची येते. ही तार कार्पेटखाली, सीटच्या फोमला आणि प्लास्टिकला लागून गेलेली असते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. कंपनीकडून ती अगदी साधी यायची. उरलेली हौस बाजारात भागवली जायची आणि हैदराबादेत तो बाजार भरभरून होता. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये सुट्या भागांची रांगच्या रांग, कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामान. कॅसेट प्लेअर, मागच्या फळीवर स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, सेंट्रल लॉक, चोरीचा सायरन, पॉवर विंडो, फॉग लॅम्प, दुहेरी हॉर्न, रिव्हर्सला वाजणारी धून. नव्वदच्या दशकातली ही सगळी जोडणी ‘ॲक्सेसरीज’वाल्याच्या दारात, फुटपाथवर, तासाभरात व्हायची. कंपनीची तार मधेच सोलायची, नवी तार तिच्यावर पिळायची, वर टेप. सोल्डर नाही, लग नाही, वेगळा फ्यूज नाही. काम मात्र लगेच चालू.

या प्रत्येक जोडणीला कारण होतं, हे विसरून चालणार नाही. हेडलाइटचंच घ्या. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा मार्गे सोलापूर हा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९, दुभाजक नसलेला, समोरून ट्रकच्या झोतांनी आंधळं करणारा. कंपनीच्या ६०/५५ वॉटच्या बल्बने भागत नसे, म्हणून लोक १००/९० चा हॅलोजन टाकत. हिशेब सोपा आहे. ६० वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, १०० वॉटचा आठच्या वर. तारेतली उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत जवळजवळ पावणेतीनपट उष्णता. ही सगळी वीज स्टीअरिंगजवळच्या छोट्या स्विचमधून जायची. चांगला इलेक्ट्रिशियन अशा वेळी रिले टाकायचा: बॅटरीपासून दिव्यापर्यंत वेगळी जाड तार, तिच्यात फ्यूज, आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देण्यापुरता. रिलेचे आणि तारेचे जादा पैसे सांगितले की गिऱ्हाईक मान हलवायचं. ‘डायरेक्ट करून टाका.’ हैदराबादच्या गॅरेजमधला सगळ्यात महाग पडलेला शब्द कदाचित ‘डायरेक्ट’ हाच असेल.

डायरेक्ट जोडणीहूनही कपटी असतो तो ढिला जोड. पिळून टेप लावलेली तार गाडीच्या थरथरीने सैल होते, तांब्यावर काळसर थर चढतो आणि त्या एका जागी विजेला अडथळा तयार होतो. दहा अँपिअर वाहत असताना तिथे एक पंचमांश ओहमचा अडथळा आला, तरी त्या नखाएवढ्या जागेत २० वॉट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं. म्हणजे डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकला टेकलेलं, जवळजवळ तेवढंच गरम टोक. आणि फ्यूज उडत नाही, कारण वीज ठरल्यापेक्षा जास्त वाहतच नसते. गाडी बोलते ती वासाने. प्लास्टिक जळल्याचा वास, मधेच मंद होणारा दिवा, हाताला ऊन लागणारा स्विच. ‘एसीतून वास येतोय वाटतं’ म्हणून काच खाली केली जाते आणि प्रवास पुढे चालू राहतो.

विजेला पेटवायला काहीतरी लागतं. जुन्या गाडीत ते पेट्रोलच्या रबरी नळीतून मिळतं. हैदराबादचा मे महिना चाळीस अंशांवर जातो, बॉनेटखाली त्याच्या दुप्पट. रबर कडक होतं, क्लिपपाशी चिरतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला यात गॅसची भर पडली. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एलपीजीला वाहनाचं इंधन म्हणून मान्यता मिळाली. मान्यता होती ती ठरावीक टाकीला, ठरावीक किटला आणि आरसीवर नोंद केलेल्या गाडीला. पण स्वयंपाकघरातलं सिलिंडर डिकीत टाकून चालणाऱ्या गाड्या, खास करून ओम्नी व्हॅन, देशातल्या कुठल्या शहराने पाहिल्या नाहीत? एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी, पायापाशी साचून राहतो. आणि गॅस किटलाही स्वतःच्या तारा असतातच: व्हॉल्व्हला एक, डॅशवरच्या स्विचला एक, त्याही इग्निशनच्या तारेवर चढवलेल्या. गळणारा वायू आणि पिळलेला जोड एकाच पत्र्याच्या डब्यात, आणि त्या डब्यात शाळेची मुलं. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लोंगोवाल इथे शाळेची एक जुनाट व्हॅन पेटली आणि चार मुलं गेली. बाकीच्या मुलांना शेतात काम करणाऱ्या लोकांनी धावत येऊन बाहेर काढलं.

सगळा दोष दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. गाडी बनवणारेही चुकले आहेत. २०१० हे वर्ष त्या दृष्टीने लक्षात ठेवावं असं. जानेवारीत होंडाने भारतातल्या ८,५३२ सिटी परत बोलावल्या. पॉवर विंडोच्या स्विचमध्ये पाणी शिरून तो तापण्याचा धोका होता. जगभरात याच कारणासाठी सहा लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या गेल्या. फेब्रुवारीत मारुतीने एक लाख ए-स्टार इंधन गळतीच्या शक्यतेपायी बोलावल्या. मार्चमध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना वाटेतच पेटली. आधीच्या वर्षी काही नॅनोंच्या स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाल्याच्या घटना घडल्याच होत्या. नोव्हेंबरात टाटा मोटर्सने विकलेल्या नॅनोंच्या एक्झॉस्टला आणि विजेच्या यंत्रणेला फुकट जादा संरक्षण बसवून देण्याची घोषणा केली, पण तिला ‘रिकॉल’ म्हणायचं टाळलं.

तेव्हा भारतात सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता केली. मोटार वाहन कायद्यातलं ११०-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. जुन्या गाडीचं दुखणं इथेच आहे. कंपनीचं पत्र जातं ते तिच्या दप्तरातल्या पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. गाडी तोवर तिसऱ्याच्या अंगणात असते. फुकट बदलून मिळणारा स्विच बदलायचा राहून जातो आणि ती गाडी तशीच चौथ्याला विकली जाते. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला तर हे पाच मिनिटांत कळू शकतं. जुनी गाडी घेताना किती जण तो टाकून बघतात?

हैदराबादच्या गाड्यांच्या इतिहासात पाण्याचाही एक प्रकरणभर वाटा आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने शहर धुऊन नेलं तेव्हा इथे मोटारी नावापुरत्या होत्या. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला, आणि १३ ऑक्टोबर २०२० ला १९ सेंटीमीटरच्या आसपास. या वेळी मोटारी वाहून गेल्या, एकमेकींवर चढल्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडून राहिल्या. मुंबईकरांनी हे २६ जुलै २००५ ला भोगलं होतं, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा. बुडालेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात काढते. लिलावात ती कुणीतरी घेतं. मग सीटची कव्हरं बदलली जातात, कार्पेट उन्हात वाळवलं जातं, इंजिन धुतलं जातं, आत अत्तराची बाटली टांगली जाते.

अशा गाडीच्या तारांचा एखादा कनेक्टर उघडून बघावा. बाहेरून प्लास्टिकचा चौकोन स्वच्छ दिसतो. कडी दाबून दोन भाग वेगळे केले की आत पितळेच्या बारीक पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी बसलेली असते, काही पिना सुईसारख्या बारीक झालेल्या असतात, आणि तळाशी वाळलेल्या गाळाची पातळ साय. गाळाचं पाणी तारेच्या आवरणात केशनळीसारखं वर चढतं आणि महिनोन्‌महिने आतून तांबं खातं. गाडी घेतली त्या दिवशी सगळं चालतं. आठ महिन्यांनी एक दिवस काच वर होत नाही, नंतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि कधी रात्री बंद करून ठेवलेल्या गाडीतूनच धूर निघतो. बॅटरीहून थेट निघणाऱ्या तारांना चावी काढल्याने काही फरक पडत नाही, त्यांत वीज असतेच.

पाण्यासारखाच दुसरा शत्रू उंदीर. इंजिनाची ऊब, तारेचं मऊ आवरण, आणि पावसाळ्यात कोरडी जागा. इंग्रजांनी घुशीला ‘बँडिकूट’ हे नाव दिलं ते तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर. या गावाला तिची ओळख नवी नाही. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर बॅटरीमागे सुकी पानं आणि कापसाचे पुंजके सापडतात. कुरतडलेली तार लगेच शॉर्ट होईलच असं नाही. ती पत्र्यापासून केसभर अंतरावर राहून पहिल्या खड्ड्याची वाट बघते.

गेल्या काही वर्षांतल्या घटना या जुन्या गोष्टीला धरूनच घडल्या. मे २०२३ मध्ये जयपूरजवळ महिंद्राची एक नवी एक्सयूव्ही७०० जळाली. बाहेरून रोषणाईचं सामान बसवताना मूळ वायरिंगमध्ये फेरफार झाला आणि तिच्यावर जादा भार आला, असं कंपनीने जाहीर केलं. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळात कण्णूर इथे दवाखान्याच्या वाटेवर गाडी पेटली. पुढच्या सीटवरची गरोदर बाई आणि तिचा नवरा यांना दार उघडता आलं नाही, ते गेले. मागचे चौघे वाचले. आग समोरच्या उजव्या बाजूने, डॅशच्या भागातून आली होती. आणि १३ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, हैदराबादच्या नामपल्लीतल्या बाजारघाटात एका इमारतीला आग लागून नऊ जण मेले. तळमजल्यावर गाडीची दुरुस्ती चालू असताना ठिणगी उडाली आणि शेजारी साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला, अशी पहिली माहिती अधिकाऱ्यांनी दिली. गाडीची ठिणगी गाडीपुरती राहत नाही, हे त्या दिवशी वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांना भोगावं लागलं.

आज शहरातल्या कुठल्याही कार बाजारात उभं राहिलं तर नंबर प्लेटवरूनच गाडीचं वय वाचता येतं. एपी म्हणजे २०१४ च्या आधीची, टीएस म्हणजे तेलंगण झाल्यानंतरची, टीजी म्हणजे मार्च २०२४ पासूनची. मधूनमधून महाराष्ट्राची एमएच आणि दिल्लीची डीएल दिसते. दिल्लीत २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, आणि तिथल्या कितीतरी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. खरेदीदार टायर बघतो, रंगाची जाडी बघतो, चुंबक लावून लांबी भरली आहे का बघतो, किलोमीटरच्या आकड्यावर शंका घेतो. फ्यूजच्या डब्याचं झाकण मात्र बंदच राहतं. वास्तविक ते स्टीअरिंगखाली, हाताच्या अंतरावर असतं, आणि कुठल्या जागी किती अँपिअरचा फ्यूज हवा याचा तक्ता बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या बाजूलाच छापलेला असतो.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक विनंती आहे. सौदा पक्का करण्याआधी गाडी स्वतःच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासभर न्या आणि त्याला त्या तासाचे पैसे द्या. बॅटरीच्या धन टर्मिनलवरून कंपनीच्या तारांशिवाय किती तारा निघतात ते मोजायला सांगा. त्यातल्या प्रत्येकीला बॅटरीजवळच फ्यूज आहे का, ती कुठे जाते, कशाला टेकते, हे विचारा. जिचा उगम सापडत नाही ती तार काढून टाकायला सांगा. पेट्रोलच्या नळ्या हाताने वाकवून बघा. सीटबेल्टचा पट्टा मुळापर्यंत ओढा, खाली गाळाची रेघ दिसली तर गाडी तिथेच सोडा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर जळालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि चालत्या गाडीत जळका वास आलाच, तर बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि १०१ लावा. धूर येणारं बॉनेट उघडू नका. आत अडकलेल्या आगीला तेवढीच हवा हवी असते.

दुसरी विनंती सरकारला आहे. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना ठरावीक मुदतीने फिटनेसची तपासणी असते. घरच्या गाडीला पहिली पंधरा वर्षं प्रदूषणाच्या दाखल्यापलीकडे कुणी हात लावत नाही, आणि मुलंबाळं घेऊन लांबचा प्रवास करणारी तर तीच. मालक बदलतो ती वेळ तपासणीसाठी सगळ्यात सोयीची आहे, कारण त्या दिवशी दोन्ही पक्ष आणि गाडीचे कागद एकाच टेबलावर असतात. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरतात. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, विमा, पत्ता, सह्या असं सगळं आहे. वायरिंगसाठी एकही रकाना नाही.